मोरी-सान यांचा सत्कार

१४ जून २०२५, शनिवार

आज कचऱ्यावरून ओरडा खायची पाळी होती. बाटल्यांची झाकणं आणि लेबलं न काढता मी पिशवी कावळ्यांपासून वाचवणाऱ्या जाळीखाली ठेवली आणि स्टेशनकडे निघाले. मागून एक उंच आफ्रिकन आजोबा माझीच ती पिशवी घेऊन आले. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात. शेजारची जपानी बाई मला शोधत होती, तिला ते म्हणाले, "माझीच आहे, चुकलो." आणि तिथेच उकिडवं बसून एकेक झाकण काढू लागले. मला लाज वाटली, मीही बसले. सगळे त्यांना मोरी-सान म्हणतात. पोस्टाच्या पेटीवर नाव नाही.

माझ्या रूममेटला, संपदाला सांगितलं, तर ती म्हणाली, "ह्या देशात कचऱ्यावरून मैत्री करणारी तू पहिलीच."

२९ जून, रविवार

इथल्या मराठी मंडळाच्या बालवर्गातल्या मुलांना घेऊन बालभवनात गेले होते. तिथे मोरी-सान कामिशिबाई सांगत होते, म्हणजे लाकडी चौकटीतली चित्रं एकामागून एक सरकवत सांगायची गोष्ट. म्हातारा कोल्हा आणि त्याचं मडकं. आपली मुलं मराठी ऐकत नाहीत, इंग्रजीला खांदे उडवतात, पण यांच्या जपानीपुढे गप्प. ते कोल्हा झाले तेव्हा त्यांचं वजनच कमी झाल्यासारखं वाटलं.

मध्येच एका आईने मोबाइल वर केला. मोरी-साननी त्याच क्षणी अख्खी चौकट उचलून तोंडासमोर धरली आणि पुढचं वाक्य मडक्याच्या आतून आल्यासारखं बोलले. मुलं खदखदा हसली. काय टायमिंग! मोबाइल खाली जाईपर्यंत कोल्हा मडक्यातच राहिला.

हा माणूस साधा नाही.

१३ जुलै, रविवार

मोरी-सानकडे पोहे घेऊन गेले होते. शेवटी ते स्वतःबद्दल बोलले. ते नट आहेत. मोठे नट. पश्चिम आफ्रिकेतल्या ज्या देशातले, त्याचं नाव कुठेही लिहू नकोस म्हणाले. मी शब्द दिलाय, म्हणून इथेही लिहीत नाही. पडद्यावरचं नाव लान्सिने तुंकारा. मोरी हे घरातलं नाव, ते जपानमध्ये चपखल बसलं. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे मोरीत भांडी घासतात. खूप हसले. म्हणाले, "म्हणजे तुझ्या देशातही मी कामाचा आहे."

लॉरीच्या फळीवर नाटकं करत गावोगाव फिरणाऱ्या मंडळीत त्यांची सुरुवात झाली. मग सिनेमा. गावचे मुखिया, खोटे पुजारी, चिक्कू सासरे. एका चित्रपटात विधवा भावजयीची जमीन लाटली, तर बाजारातल्या कोळणीने वर्षभर मासळी दिली नाही. "आधी तिची जमीन परत कर, म्हणायची. शेवटी मी दिग्दर्शकाला घेऊन गेलो, तर तिने त्यालाही मासळी दिली नाही."

बोलताना ते भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसतात. मी त्यांची खुर्ची खिडकीकडे सरकवली तर उठून पुन्हा जागेवर ठेवली. नटांना प्रकाशाचं भान असतं, ते असं.

२६ जुलै, शनिवार

आज जे ऐकलं ते लिहून ठेवायलाच हवं.

त्यांच्या शेवटच्या चित्रपटात ते राष्ट्राध्यक्ष झाले होते. नाव बदललेलं, देश काल्पनिक. पण खरा राष्ट्राध्यक्ष वाक्य संपायच्या आत स्वतःच मान डोलावतो, ते यांनी उचललं. नक्कल नाही केली, फक्त एवढंच घेतलं. थिएटरात पहिल्यांदा ती मान डोलली तेव्हा कोणी हसलं नाही. दुसऱ्यांदा सगळं थिएटर हसलं. चित्रपट तीन दिवसांत उतरवला. दिग्दर्शकाला घरातून नेलं, तो परत आला नाही. कॅमेरामन परत आला, पण त्यानंतर कोणाशी बोलला नाही.

मोरी-सान मासळीच्या लॉरीतून सीमेवरच्या नदीपर्यंत आले आणि नदी ओलांडली. काही दिवसांनी प्रवाहात खाली एक प्रेत सापडलं. ओळख पटवायला त्यांच्या मुलीला बोलावलं. जेनेबा, शिक्षिका आहे. तिने पांघरूण उचलून पाहिलं आणि म्हणाली, हे माझे वडील.

"ते मी नव्हतो," मोरी-सान म्हणाले. "तिला ते तिथेच कळलं. तरी रडली, पुरलं, सगळं केलं. घरात नट मी एकटाच आहे असं मला वाटायचं. तिने एकाच प्रवेशात मला मागे टाकलं. मला तिचा फार अभिमान आहे."

तेव्हापासून एकही फोन नाही, निरोप नाही. पुढे त्यांच्या जपानी पत्नीने, योशिको-साननी, त्यांना इकडे आणलं. त्या आता नाहीत. तो राष्ट्राध्यक्ष अजून आहे.

"मी मेलोय म्हणून तिला कोणी हात लावत नाही," ते म्हणाले. "समजलं ना, उत्तरा?"

मी हो म्हटलं. घरी येऊन रडले. एवढा मोठा कलावंत, आणि त्याचं नाव पोस्टाच्या पेटीवरही नाही.

२७ जुलै, रविवार

सारखं तेच डोक्यात आहे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. बाबा विट्याला दुसऱ्याचा टेम्पो चालवतात. मी डिग्री घेऊन आले तेव्हा गल्लीतल्या मंडळाने मारुतीच्या देवळासमोर सत्कार केला. सरांनी माइकवरून आमचं नाव घेतलं, बाबांचं, आईचं, आजोळचंसुद्धा. बाबा त्या दिवसापासून ताठ चालतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. नाव मोठ्याने घेतलं की माणूस उभा राहतो. भीती गप्प राहण्याने वाढते. मोरी-साननी इतकी वर्षं गप्प राहून काय मिळवलं? मुलगी तिकडे, हे इकडे.

५ ऑगस्ट, मंगळवार

चारुदत्तकाकांना भेटले. ते एका भारतीय बँकेच्या इथल्या शाखेत मोठ्या पदावर आहेत आणि मंडळाचे अध्यक्ष. गणपतीच्या कार्यक्रमात दर वर्षी एक सत्कार असतो. मोरी-सानचं नाव सुचवलं, काका खुर्चीतून उठलेच.

"अगं, आपल्या फुनाबोरीत आंतरराष्ट्रीय कलावंत! आणि आम्ही गेली दोन वर्षं त्या योगवाल्याला शाल देतोय."

मी म्हटलं, "पण काका, त्यांना प्रसिद्धी नको आहे. नाव, देश, फोटो, काहीच नको म्हणतात."

"उत्तरा, मी आयुष्यात शंभर सत्कार केले असतील. लगेच हो म्हणणारा सत्कारमूर्ती मी पाहिलेला नाही. कशाला, नको, मी काय केलंय एवढं, असं तीनदा म्हणायचं असतं. आपण चौथ्यांदा विचारायचं असतं. जितका मोठा माणूस तितका जास्त नको म्हणतो."

खरंच आहे. आमचे सरसुद्धा निवृत्तीच्या सत्काराला नकोच म्हणत होते. मग शाल घेतली आणि पाऊण तास बोलले.

संपदाने स्पष्ट विरोध केला. "नको म्हणजे नको. तुला त्यात विनय कुठे दिसला?"

"तू त्यांना ओळखत नाहीस," मी म्हटलं.

"तू ओळखतेस म्हणून तर काळजी वाटतेय."

१७ ऑगस्ट, रविवार

विचारलं. ते म्हणाले, नको. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, नकारार्थी मान हलवली. मी म्हटलं, आमच्या गणपतीचं जेवण तरी चालेल ना? मग म्हणाले, "जेवायला येईन. सगळ्यांच्या मागे बसेन."

काकांना फोन केला. "झालं की मग!" म्हणाले.

परिचय लिहायला घेतलाय. देशाशिवाय परिचय कसा होणार? आणि परिचयाचा शेवट कुटुंबाने करायचा असतो, तो नाही केला तर माणूस अनाथ वाटतो. दुपारभर अडले. मग साधी गोष्ट लक्षात आली. कार्यक्रम सगळा मराठीत. आपली दोन-अडीचशे माणसं. मराठीत बोललेलं तिकडे कुणाला कळणार? मोरी-साननाही कळणार नाही, फक्त स्वतःचं नाव ऐकू येईल आणि लोक टाळ्या वाजवताहेत हे दिसेल. तेवढंच तर त्यांना हवं असणार.

३१ ऑगस्ट, रविवार

झाला कार्यक्रम. इतका आनंद झालाय की आल्या आल्या लिहायला बसलेय.

हॉल गच्च भरला होता. मोरी-सान पांढऱ्या झब्ब्यात आले, शेवटच्या रांगेत दाराजवळ बसले. चारुदत्तकाकांनी मला माइक दिला. मी पान हातात धरलं, पण बघावं लागलं नाही. लॉरीवरचं नाटक, कोळीण, राष्ट्राध्यक्षाची मान, नदी. नाव घेतलं, देश घेतला. शेवटी म्हटलं, "त्यांची कन्या जेनेबा ही मायदेशी शिक्षिका आहे आणि तिचा त्यांना फार अभिमान आहे." लोक उभे राहिले. मंडळाचं तांत्रिक काम बघणाऱ्या अनुरागने मागच्या पडद्यावर त्या चित्रपटाचा तुकडा लावला, कुठून शोधला कोण जाणे.

लान्सिने तुंकारा हे शब्द ऐकल्यावर मोरी-सान हलले नाहीत. जेनेबा म्हटलं तेव्हा मात्र मी पाहिलं, त्यांनी डोळे मिटले. मग उठले. त्या शेवटच्या रांगेपासून मंचापर्यंत ते कसे चालत आले ते लिहिता येणार नाही. एखादा राजाच. शाल घेतली, नारळ घेतला, कमरेतून वाकले. वाकताना मला हळूच विचारलं, "हे रेकॉर्ड होतंय?"

"हो! लाइव्हसुद्धा आहे. अनुराग खाली नावं इंग्रजीत टाकतोय, म्हणजे जगभर पोचेल."

"तू छान बोललीस," ते म्हणाले. "आवाज शेवटच्या रांगेपर्यंत येत होता."

जेवायला मात्र थांबले नाहीत. दमले असतील.

६ सप्टेंबर, शनिवार

व्हिडिओ कुठल्या कुठे गेलाय. मंडळाच्या पानावर इतके अभिप्राय कधीच आले नव्हते. बरेच फ्रेंचमध्ये. काही जण रडणारे चेहरे टाकतात, एकाने फक्त "जिवंत?" असं लिहिलंय.

मोरी-सानचे पडदे दिवसाही लावलेले असतात. डबा घेऊन गेले, दार उघडलं नाही. आतून आवाज आला, "बरं नाही."

१४ सप्टेंबर, रविवार

एका चाहत्याचा मेसेज आलाय, पॉल नावाचे गृहस्थ. ओसाकात व्यापारी कंपनीत आहेत, मोरी-सानच्या देशातले. लहानपणापासून त्यांचे चित्रपट पाहत आले. फार नम्र लिहितात. मोरी-सान फुनाबोरीतच राहतात का, एकटेच असतात का, सकाळी फिरायला जातात का, तब्येत कशी आहे. भेटून चकित करायचंय, म्हणून आधी सांगू नका म्हणाले.

मोरी-साननी दाढी काढलीय. बालभवनात जाणंही बंद केलंय. जिन्यात भेटले तर ओळख पटेना. त्यांना आत्ता खरी गरज आहे ती आपल्या माणसाची, आपल्या भाषेची. मी पत्ता कळवला.

संपदाला सांगितलं नाही. कारण मलाच नीट माहीत नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार

सुट्टी होती. पॉल आले. उंची सूट, चकचकीत बूट, हातात केकचा खोका. मला फ्रेंच पद्धतीने "मादमोझेल" म्हणाले. दाराशी जाण्याआधी त्यांनी पोस्टाच्या पेट्यांचा फोटो काढला, जपानी गोष्टींची आवड आहे म्हणाले.

मोरी-साननी दार उघडलं. मला वाटलं होतं दोघं मिठी मारतील. मोरी-सान त्यांच्याकडे न पाहता माझ्याकडे बघून म्हणाले, "उत्तरा, तू वर जा."

"अहो, चहा ठेवते की."

"वर जा, बेटा." हा शब्द मीच त्यांना शिकवला होता.

तासाभराने पॉल बाहेर पडले. केकचा खोका तसाच त्यांच्या हातात होता. म्हणाले, "फार मोठी बातमी आहे. लवकरच कळेल."

४ ऑक्टोबर, शनिवार

बातमी कळली! देशाने त्यांना सन्मानाने बोलावलंय. सरकारी पाहुणे, विमानाचं तिकीट, राजधानीत समारंभ. चारुदत्तकाकांनी ग्रुपवर लिहिलं, "आपल्या एका शालीने एका देशाला जाग आली." सगळ्यांनी हात जोडले.

मी धावत खाली गेले. मोरी-सान कपड्यांच्या घड्या घालत होते. एकच लहान बॅग. हिवाळ्याचा कोट बाहेर ठेवलेला. मी म्हटलं, हा घ्या ना. म्हणाले, लागणार नाही.

"जेनेबा भेटेल तिथे," मी म्हटलं.

"नाही. ती आधी सीमेपलीकडे मावशीकडे जाईल. ती पोचली की मी विमानात बसेन. तसं ठरलंय."

"अहो, पण तुमच्या समारंभाला तीच नाही?"

"तिला गर्दी आवडत नाही."

मी आणखी काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं आता वाटतंय, पण काय विचारणार? मी स्वतःला सांगतेय की सरकारं बदलतात, माणसं म्हातारी होतात, मनं निवळतात. संपदाने ग्रुपवरची ती पोस्ट वाचली आणि मोबाइल पालथा ठेवला. तिने टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

११ ऑक्टोबर, शनिवार

नारिता विमानतळावर गेले होते. पॉल आणि आणखी एक जण बरोबर होते. दोघं मोरी-सानच्या दोन्ही बाजूंना, सामान धरल्यासारखे. मोरी-सान बाकावर बसले आणि म्हणाले, फोन आल्याशिवाय उठणार नाही. पॉल घड्याळाकडे बघत हसत होते. मोरी-सान मात्र बसच्या थांब्यावर बसावं तसे बसले होते. त्यांच्या विमानाची घोषणा झाली, तरी बसलेच.

मी शेजारी बसले. शेवटी विचारलं, "तुम्ही माझ्यावर रागावलात का?"

"तू मला विचारलंस, मी नको म्हटलं. पुन्हा विचारलंस, पुन्हा नको म्हटलं. तरी तू केलंस. त्याचा राग आहे." हे त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं. "आणि फार वर्षांनी कुणीतरी माझं काम माझ्या नावानिशी सांगितलं. शब्द कळत नव्हते, पण कुठल्या सिनेमाबद्दल बोलतेस ते हातवाऱ्यांवरून कळत होतं. ते मला आवडलं. दोन्ही खरं आहे. मनात जागा कमी पडली तरी एकाला काढू नकोस."

फोन वाजला. पॉलनी त्यांच्या हातात दिला. मोरी-साननी ऐकलं, एकच प्रश्न विचारला, उत्तर ऐकलं. मग उठले, मला घराची किल्ली दिली आणि रांगेत गेले. मागे वळून पाहिलं नाही.

परतीच्या गाडीत मला फुनाबोरीला उतरायचं भान राहिलं नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

तिकडच्या टीव्हीचा तुकडा संपदाने शोधून दिला. समारंभ नाही. एक टेबल, एक झेंडा, मोरी-सान. कागदावरून वाचताहेत. खाली इंग्रजी ओळी होत्या. तो चित्रपट परक्या पैशावर काढला, मला फसवण्यात आलं, मी क्षमा मागतो. वाचन इतकं सपाट की शाळेतलं पोर बरं. एकाच सुरात, प्रत्येक वाक्याला अडखळत.

"एवढा मोठा नट," मी म्हटलं, "इतकं वाईट कसं वाचेल?"

संपदाने तुकडा मागे नेला. "उत्तरा," ती म्हणाली, "पुन्हा बघ." मी पुन्हा पाहिलं. ज्या माणसाने मडक्यातून कोल्हा बोलवला होता, तो हे असं वाचत होता. मग मला बघवेना.

पॉलचा नंबर बंद आहे. पुढचं काही कोणाला माहीत नाही. चारुदत्तकाकांनी सत्काराचा व्हिडिओ मंडळाच्या पानावरून काढून टाकला. फोनवर म्हणाले, "आपण भाषा-संस्कृतीचं काम करतो, यात पडायला नको. तूही काही लिहू नकोस." माझ्याकडे मूळ फाइल आहे. पुसायला बसले होते, पुसली नाही.

१३ डिसेंबर, शनिवार

सकाळी बेल वाजली. दारात एक बाई, पस्तिशीच्या, पातळ कोटात कुडकुडत. डोळे तेच. इंग्रजीत म्हणाल्या, "मी वडिलांचं सामान न्यायला आलेय. किल्ली तुमच्याकडे आहे असं मंडळाकडून कळलं."

मी त्यांना खाली नेलं. थंड खोली, लावलेले पडदे. त्यांनी प्रत्येक वस्तूला हात लावून पाहिलं, उचललं काहीच नाही. मग कोट सापडला, तो अंगावर घातला. बाह्या हातांवरून खाली आल्या. मी चहा केला. त्यांनी कप धरून ठेवला.

"नदीनंतर मी त्यांना पाहिलंच नाही," त्या म्हणाल्या. "त्या टीव्हीवर पाहिलं तेवढंच. तुमच्याकडे एक फिल्म आहे ना? इथल्या समारंभाची. आमच्याकडे ती दाखवूनच मला पकडून नेलं. पूर्ण दाखवली नाही."

मी नाही म्हणू शकले असते. लॅपटॉप आणला.

त्या पडद्याच्या अगदी जवळ बसल्या. माझा आवाज खोलीभर झाला. इतका उत्साही, इतका मोठा. त्या म्हणाल्या, भाषांतर करा. मी एकेक वाक्य थांबवून सांगत गेले. लॉरी सांगितली, कोळीण सांगितली. कोळणीला त्या हसल्या, म्हणाल्या, "मला शाळेत जाताना ती चिडवायची." देश सांगितला. मध्येच कॅमेरा शेवटच्या रांगेकडे वळला आणि दाराजवळ पांढऱ्या झब्ब्यातले मोरी-सान दिसले. जेनेबांनी पडद्यावर तिथे बोट टेकवलं.

मग पडद्यावरच्या मी त्यांचं, जेनेबाचं नाव घेतलं.

त्यांना मराठी येत नाही. नाव कळलं. त्यांनी मान वळवली. "इथे काय म्हणालात?"

माझ्या मनात दुसरं एक वाक्य तयार झालं होतं. ते मी बोलले नाही.

"मी म्हणाले, त्यांची मुलगी जेनेबा तिकडे शिक्षिका आहे."

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. मग, "एवढंच? वाक्य त्याहून लांब होतं."

"आणि तिचा त्यांना फार अभिमान आहे."

"हे तुम्ही तुमच्या मनाने घातलंत?"

"नाही. ते म्हणाले होते. याच खोलीत, याच भिंतीला टेकून. तुम्ही पांघरूण उचललंत आणि काय म्हणालात ते सांगितलं. म्हणाले, तिने मला मागे टाकलं."

बाहेर कचऱ्याची गाडी तिचं गाणं वाजवत गेली. त्या कोटाच्या बाहीत हात ओढून घेऊन बसल्या होत्या. मी वाट पाहत होते की आता त्या मला काय म्हणतील. काहीही म्हणाल्या असत्या तरी मी ऐकलं असतं.

"तेवढंच वाक्य पुन्हा लावा," त्या म्हणाल्या.

मी लावलं. संपलं. त्यांनी माझ्याकडे न बघता बोटाने खूण केली, पुन्हा.